नावाची जागा

ट्रॉय, मिशिगन
६ एप्रिल १९८६

चि. सौ. नीला हिस अ. उ. आ.

तुझ्या नातीचं, म्हणजे आमच्या मुक्ताचं, बारसं रविवारी झालं. बाराव्या दिवशी नाही, कारण या देशात देवालाही शनिवार-रविवारीच रजा मिळते. घराच्या छताला कडी नाही, म्हणून गिरीशनं गॅरेजच्या तुळईला दोर बांधून पाळणा टांगला. एका बाजूला गवत कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला मोटार, मध्ये आमचा गोविंद घ्या, गोपाळ घ्या. घुगऱ्या केल्या होत्या. शेजाऱ्यांनी त्या काट्यानं टोचून खाल्ल्या.

पाळणा मीच म्हटला, आपल्या आईचा. तिसऱ्या ओळीत बाळाचं नाव येतं आणि पाळणा लांब जाऊन परत येईपर्यंत आई त्या नावावर सूर धरून ठेवायची, आठवतं ना? गॅरेजमधला दोर चांगला लांब. मुक्ताचं नाव एवढं लांबलं की माझा दम जायची वेळ आली. पण सोडलं नाही. कांचनचे डोळे भरून आले. सुनेला माझ्यामुळे रडू आलं आणि मला वाईट वाटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं असेल.

शेजारचा हॅरॉल्ड जाहिरातींसाठी गाणी बांधतो. हसू नकोस, इथे ती पेन्शनीची नोकरी आहे. त्यानं सगळं टेप केलं आणि चाल कुणाची म्हणून विचारलं. आता पाहुण्यानं कौतुक केलं की आपण जे म्हणतो तेच गिरीश म्हणाला, की तुमचीच समजा. वर सांगितलं की ही ट्रॅडिशनल आहे, आमच्याकडे सगळ्याच बायका म्हणतात. आईनं ती तुझ्या बारशाला स्वतः बांधली हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण चारचौघांत घरच्या माणसाची टिमकी वाजवू नये हे आईच शिकवून गेली. गप्प बसले आणि घुगऱ्या वाढल्या.

तुझ्या लेकीला, वसुधाला, या दिवसांत जड उचलू देऊ नकोस. जावईबापूंना नमस्कार.

तुझी
ताई


नागपूर
२९ एप्रिल १९८६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू गप्प बसलीस हे इथे कुणाला खरं वाटेना. यांनी पत्र मागून घेऊन स्वतः वाचलं, मग म्हणाले की अमेरिकेच्या हवेत काहीतरी आहे.

हॅरॉल्डला चाल आवडली तर आवडू दे गं. आईला हसूच आलं असतं. तिला कुठे माहीत होतं की ती चाल बांधतेय? ती मला झोपवत होती.

वसुधाला आता कैऱ्यांचा वाससुद्धा सहन होत नाही आणि कैऱ्याच हव्यात. ऑक्टोबर अखेरीस होईल असं डॉक्टर म्हणतात. तिची एकच इच्छा आहे, आजीचाच पाळणा म्हणायचा. माझी पंचाईत तुला माहीत आहे. मी जन्मभर तुझ्या मागून म्हटलं. दोरी ओढायचं काम माझं, गाण्याचं तुझं. तेव्हा गुडघे तेल लावून तयार ठेव आणि ये.

मुक्ताला गोड पापा. तुझा लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी
नीला


ट्रॉय
१७ ऑगस्ट १९८६

चि. सौ. नीला हिस अ. उ. आ.

हे पत्र मी रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आपल्या आईचा पाळणा इथे टीव्हीवर गाद्या विकतो.

मी भाजी चिरत होते. आधी वाटलं, कांचनच गुणगुणते आहे. वळून पाहिलं तर एक बाई रेशमी झग्यात गादीवर लोळते आहे, आणि मागे आईची चाल, पियानो आणि घंट्या लावून. तिसऱ्या ओळीत, जिथे तुझं नाव होतं, गिरीशचं होतं, मुक्ताचं होतं, तिथे गादीचं नाव!

तशीच शेजारी गेले. हॅरॉल्डनं खुर्ची दिली, कॉफी दिली. माणूस वाईट नाही, तोच तर त्रास आहे. म्हणाला की गिरीशनंच तुमची समजा म्हटलं होतं, आणि जुन्या लोकगीताला मालक नसतो. मग उत्साहानं सांगू लागला की तिसरी ओळ त्याला सरळ करावी लागली. तीस सेकंदांत पाळणा परत यायची वाट बघायला गिऱ्हाईकाला परवडत नाही. इथे रेकॉर्डच्या एका बाजूवर मावेल एवढंच गाणं असा नियम पूर्वीपासून आहे म्हणे, आणि लोकांना तेवढ्याचीच सवय लागते. मी त्याला म्हटलं की मुलाला झोप लागेपर्यंत म्हणायचं ते गाणं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला की किती सुंदर कल्पना, हिचीही जाहिरात होईल.

गिरीशनं माझीच समजूत काढली. म्हणाला, आई, लेट इट गो, या भागानं मोटारी जशा कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर बनवल्या तशीच गाणी बनवली आणि सगळं जग त्यावर नाचलं. मागे तो मला एका चित्रप्रदर्शनाला घेऊन गेला होता. तिथे भिंतीवर दुकानातल्या साबणाच्या खोक्याचं हुबेहूब चित्र, पुढे दोरी लावलेली, लोक हळू आवाजात बोलताहेत. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. मिशनच्या शाळेत सिस्टर मला म्हणायच्या की माझी जीभ मला कुठेही तारून नेईल. इथे कुणाशी भांडायचं तेच कळत नाही. सगळे इतके प्रेमानं बोलतात.

गिरीशचा मित्र कुमार पुढच्या आठवड्यात नागपूरला येतो आहे. त्याच्याबरोबर टीव्हीवरून टेप केलेली कॅसेट पाठवते. ऐक म्हणजे माझा संताप तुला कळेल. एकदा ऐक आणि फेकून दे.

गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं आहे. पाळणा तुलाच म्हणावा लागेल.

तुझी
ताई


ट्रॉय
१९ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. नीला हिस अ. उ. आ.

एक विचारायचं आहे, आणि कुणाला सांगू नकोस.

काल मुक्ताला मांडीवर घेऊन पाळणा म्हणत होते. तिसऱ्या ओळीत नाव आलं आणि निघून गेलं. थांबलेच नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. ती जाहिरात दिवसभर चालू असते, बातम्यांआधी, बातम्यांनंतर. कांचन टीव्ही बंद करते, तर दुकानात बटाटे घेताना वरच्या कर्ण्यातून तीच चाल. मुक्ता ती लागली की रडायची थांबते. माझ्या तोंडून ऐकली की नाही थांबत.

आई नाव वर नेऊन मग खाली आणायची, की आधी खाली? मला खरंच आठवत नाही, नीला. हॅरॉल्डकडे बारशाची टेप मागितली. तो ओशाळला. त्यांच्याकडे टेप पुसून पुन्हा वापरतात, त्यावर आता कुत्र्याच्या खाण्याचं गाणं आहे.

तू वसुधाच्या बाळाच्या बारशाला म्हणशील तेव्हा टेप करून मला पाठव. माझ्या मागून का होईना, तू म्हटलेलं आहेस. तुझ्याकडे असेल.

तुझी
ताई


नागपूर
१२ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

वसुधाला मुलगा झाला हे तारेनं कळलंच असेल. नाव विवेक ठेवलं. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. तुझं पत्र बारशाच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. एक दिवस आधी आलं असतं तर, असं मनात येतं. पण त्यानंही काही झालं असतं असं वाटत नाही.

तू कॅसेट फेकून दे म्हणाली होतीस. ताई, अमेरिकेहून आलेली कॅसेट आमच्या घरात कोण फेकेल? शेजारणी ऐकायला आल्या. आपल्या आजीची चाल अमेरिकेत वाजते म्हणून वसुधाला कोण आनंद! शेवटचे दोन महिने ती पडल्या पडल्या तेच ऐकत होती. मीही स्वयंपाक करताना ऐकत होते. मला वाटायचं, बरं झालं, तू येणार नाहीस तर निदान याच्या मागून म्हणता येईल.

बारशाला सगळ्या बायकांनी एका सुरात पाळणा म्हटला. आजवर असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या ओळीला एरवी सगळ्या मागेपुढे व्हायच्या, तू एकटीच पोचायचीस. या वेळी कुणीही अडखळलं नाही. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मीही खूष झाले. तुझं पत्र वाचेपर्यंत मला कळलंसुद्धा नाही.

टेप केली होती, पण पाठवत नाही. तीत तुला हवं ते नाही.

काल दुपारी घरात कुणी नसताना दार लावून पाळण्याशी बसले. वाटलं, गळ्याला आठवत नसेल तर हाताला आठवेल, जन्मभर दोरी मीच ओढली आहे. हाताला आठवतंय गं. पाळणा किती लांब जातो, कुठे क्षणभर थांबतो, कधी वळतो, सगळं. पण तोंडून विवेकचं नाव लगेच निघून जातं. मग पाळणा एकटाच परत येतो, आणि त्या वेळी म्हणायला काही उरलेलं नसतं.

गुडघ्यांना जप. मुक्ताला माझे आशीर्वाद सांग, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझी
नीला