निळ्या अंगणावरील सदनिका व इतर मिळकतीबाबत

मी, खाली सही करणारी, धंद्याने पडदे शिवणारी, लाल इमारतीतील निळ्या अंगणावरच्या सदनिकेची एकटी मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दबाव कोणाचाही नाही. ज्यांनी आणून पाहिला, त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

कलम १. सदनिका माझी व माझ्या दिवंगत नवऱ्याची स्वकष्टार्जित मिळकत आहे. तो बंदरावर क्रेन चालवायचा. वरून त्याला ही इमारत उभी राहताना दिसे. घरी येऊन म्हणायचा, "अगं, कोणीतरी किल्ला बांधतंय आणि त्याला कलिंगडाचा रंग देतंय!" वास्तुकाराने म्हणे भूमध्य समुद्राकाठची जुनी गावे पाहून ती रचली: बाहेरून लाल तट, आत एकातून एक निघणारी अंगणे, जिने, गच्च्या. नातेवाइकांनी नाके मुरडली, आम्ही घर घेतले. माझ्या पश्चात ते लेकीला मिळावे. मुलाने मन खट्टू करू नये. त्याला हे जिने कधीच मानवले नाहीत. बँकेतली शिल्लक त्याची.

कलम २. शिलाई मशीन व कात्र्या सूनबाईंना. त्यांनी माझ्या हातचा एकही पडदा कधी नापसंत केला नाही आणि एकही लावला नाही. आता हवे तसे स्वतः शिवावेत.

कलम ३. खालच्या मजल्यावरील दंतवैद्य, ज्यांना सगळी इमारत 'दातवाले' म्हणते, यांच्याशी असलेला माझा जुना तंटा. माझ्या मशीनच्या घरघरीने त्यांचे पेले हलतात, अशी त्यांची लेखी तक्रार आहे. पुढे ते सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि सगळी इमारत पांढरी करण्याचा ठराव त्यांनी मांडला. "सभ्य दिसेल," म्हणाले. गच्चीवरच्या सभेत मी उठून विचारले, "दातांचा रंग भिंतींना कशाला?" लोक पोट धरून हसले, पण नमुना म्हणून आमचेच अंगण पांढरे झाले.

तेव्हा माझ्या सासूबाई हयात होत्या. त्यांची स्मृती विरत चालली होती. माझे नावही गेले होते. मला त्या 'पडदेवाली' म्हणत. पण रंग पक्के होते. गुलाबी जिना चढायचा, जांभळ्या कमानीतून वळायचे, निळे आले की घर. तेवढ्या भरवशावर त्या रोज एकट्या बेकरीत जाऊन पाव आणत. स्वतःचे म्हणून त्यांच्याकडे एवढेच उरले होते.

अंगण पांढरे झाले आणि त्या परतल्या नाहीत. हाका मारत मी सगळे जिने पालथे घातले. शेवटी सापडल्या दातवाल्यांच्या घरात, पाव छातीशी धरून. त्याआधी म्हणे पांढऱ्या अंगणात उभ्या राहून त्या ओरडत होत्या, "माझं घर कुठं नेलंत?" दातवाल्यांनी समजावले, "मावशी, वरचंच दार तुमचं." त्या म्हणाल्या, "खोटं. माझं घर निळं आहे." पायरी चढेनात, तेव्हा ते त्यांना आत घेऊन, हात धरून बसले होते. दातवाल्यांचा चेहरा पार उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तो काय! अध्यक्ष विजार दुमडून, बादली घेऊन भिंत रंगवताहेत. बुटांवर सगळे ओघळ.

मी म्हटले, "ठराव मागे घेतला वाटतं?"

"ठरावाचं राहू द्या. निळा हाच ना, तेवढं सांगा."

"नाही. अजून फिका हवा."

त्यांनी उरलेला सगळा पांढरा त्या निळ्यात ओतला. सासूबाई बाहेर आल्या, भिंतीकडे बघत राहिल्या. "आलं घर," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन पावाला निघाल्या. शेवटपर्यंत जात राहिल्या.

कलम ४. वरील तंटा पुढीलप्रमाणे मिटला: येत्या शनिवारी दातवाले आणि मी लग्न करत आहोत. पेल्यांची तक्रार कायम आहे. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, या वयात?" मी म्हटले, "मग काय पुढच्या वयात करू?" लेक मागून खो खो हसत होती. हे मृत्युपत्र लग्न गृहीत धरूनच केले आहे. लग्नामुळे ते रद्द समजू नये. घराची एक किल्ली दातवाल्यांकडे आहे. माझ्या पश्चातही ती त्यांच्याकडून कोणी परत मागू नये. लेकीची यास संमती आहे.

अंत्यविधीच्या सूचना सवडीने लिहीन. आज जमणार नाही. लग्नाच्या पोशाखाची एक बाही जोडायची राहिली आहे.

ठिकाण: लाल इमारत, निळे अंगण
दिनांक: ३ ऑक्टोबर
सही: पडदेवाली

आमच्यासमक्ष सही केली. सही करताना बाई गुणगुणत होत्या.
साक्षीदार १: बेकरीवाली
साक्षीदार २: गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावाचा राखणदार