चिठ्ठीवरचं दुसरं औषध

१२ मार्च ९६, मंगळ. वाशी
नेरुळच्या हॉस्पिटलचं कॉम्प्युटरचं काम संपलं एकदाचं. औषधाचं नाव इंग्रजीत, कसं घ्यायचं ते मराठीत, सगळं एकाच चिठ्ठीवर छापायचं. प्रिंटरला स्वतःचं डोकं नाही. त्याला दरवेळी सांगावं लागतं, आता मराठी, आता परत इंग्रजी. ती खूण स्क्रीनवर डाव्या बाणासारखी दिसते, पुढे एकदोन अक्षरं. कागदावर उमटत नाही, नुसता हुकूम. परत फिरायचा हुकूम येईपर्यंत प्रिंटर मराठीच छापत बसतो. एवढं बसवण्यात अख्खा हिवाळा गेला, पाठ मोडली. फाइल साहेबांना दिली. म्हणाले, "गुड." बस.

१४, गुरु.
हॉस्पिटलचा फोन. धावत गेलो. पहिलं औषध बरोबर, त्याची मराठी सूचना बरोबर, त्याखालचं दुसरं औषध म्हणजे मराठी अक्षरांचा नुसता काला. कंपाउंडर विचारतो, "हे कुठल्या कंपनीचं?" नशीब, त्याने अंदाजाने काही दिलं नाही.
डॉक्टरीणबाई भडकलेल्या. "पेशंटच्या जिवाशी खेळ आहे हा. कोणी केलं ते सोमवारी येऊन सांगा. मग ठरवते काम ठेवायचं की नाही."
ऑफिसात येऊन फाइल उघडली. मराठी संपते तिथले, परत इंग्रजीवर नेणारे बाण गायब. सगळेच्या सगळे.

१५, शुक्र.
साहेबच! द्यायच्या आधी स्वतः बसून फाइल "साफ" केली. "ओळीच्या शेवटी कचरा होता रे. क्लायंटला असं द्यायचं?"
मग सुरुवातीचे बाण का ठेवले?
"ते डिझाइन वाटलं."
कपाळाला हात लावला.

१६, शनि.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "सोमवारी कल्पनाचं नाव सांग. ऑपरेटर आहे, होते चूक. तिला काढलं की बाई गप्प."
कल्पना आमच्या ऑफिसात टायपिंग करते, शिरवणे गावची. घरात पगार तिचाच एकटीचा. दार उघडं होतं, तिने ऐकलं. बाहेर आलो तर समोर उभी. "सर, मी त्या बानांना हात पन लावला नाय. तुमाला म्हाइत हाय ना?"
"बघतो," म्हटलं.
बघतो काय? शी.
घरी बायकोला सांगितलं. शुभा म्हणाली, "तुला काढलं तर रे?" तिचंही बरोबर आहे. सातवा महिना चालू.

१८, सोम.
बाईंसमोर आम्ही दोघं. "बाण कोणी काढले?" साहेब माझ्याकडे बघत होते. वाटलं, आपण इथे नसतो तर.
म्हटलं, "साहेबांनी. कल्पनाचा काही संबंध नाही."
बाईंनी चष्मा काढून साहेबांकडे पाहिलं. "कळवते," म्हणाल्या.
वाशीपर्यंत साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून आलो. उतरल्यावर "उद्या..." म्हणाले आणि आत गेले. उद्या काय?
डबा तसाच परत आणला. शुभाने उघडून पाहिला, झाकण लावलं.