मेतवल्ली आजोबांचा दाखला

यम्मा,

तुझ्या दोन्ही हातांवर ओठ टेकवते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर आवाज बसलेला वाटला तो कैरोच्या धुळीने.

म्हातारपण थांबवायचं औषध झालं का, म्हणून विचारतेस. आमच्या प्रयोगशाळेत एक मेतवल्ली आजोबा येतात. कागदावर चौऱ्याहत्तर वर्षांचे, रक्त मात्र साठीतल्या माणसाचं. त्या रक्तात काय आहे ते शोधून औषध करायचं, म्हणून दोन वर्षं आम्ही राबलो.

काल रक्त काढताना मी सहज म्हटलं, "आजोबा, या वयात एवढे ताठ कसे हो?"

ते हसायलाच लागले. "अगं पोरी, जन्मदाखला माझ्या थोरल्या भावाचा! तो तान्हा असतानाच गेला. मग सहा बहिणी, मग मी. मला नाव त्याचंच ठेवलं, दाखलाही तोच. कचेरीत पुन्हा खेटे कोण घालणार? म्हातारा तो झालाय, मी नाही!"

प्रयोगशाळेच्या साहेबांना हे सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "घरी जा, झोप काढ," एवढंच म्हणाले. झोप कुठली!

तुझा गुडघा कसा आहे? कबुतरांना दाणे शेजारणीला टाकू दे, तू जिने चढू नकोस.

आणि एक सांग. तुझ्या जन्माआधी तापाने गेलेल्या तुझ्या बहिणीचं नावही तफीदाच होतं ना? तुला पंचाहत्तरी लागली म्हणून वर्षभर मी धास्तावलेय. पेटीतला दाखला काढून बघ, तो तिचा तर नाही? दोन वर्षांत मला कुणाचा एक दिवस वाढवता आला नाही. तुझी तरी तीन-चार वर्षं त्या कागदात निघू देत.

तुझी दमलेली लेक,
नगात