तो पू नव्हता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, सरकारी दवाखान्यातला निवृत्त ड्रेसर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डाव्या पायाबद्दल तसा दाखला कोणी देणार नाही. टाचेला जखम आहे आणि रक्तातली साखर माझ्यासारखीच हट्टी आहे.

कलम १. राहतं घर दोन मजली असून माझ्या कमाईचं आहे. खालचा मजला मुलाला. वरचा मजला गच्चीसह माझ्या धाकट्या बहिणीला. साठी आली तरी तिला सगळे धाकटीच म्हणतात. एकोणीस वर्षं तिने या घरात पाऊल टाकलेलं नाही, कारण मीच तसं बजावलं होतं. तिला एवढं का, असं सूनबाई विचारतील. त्यांनी कलम ४ वाचावं.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलाचं. थोडंच आहे, भांडू नये. भांडायला तो एकटाच आहे म्हणा.

कलम ३. माझी हत्यारं. दोन कात्र्या, स्टीलचा ट्रे आणि आखूड चिमटा घरी पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सबाईंना द्यावा. कोपऱ्यावरच्या शिंप्याने कात्री मागितली तरी देऊ नये. मुलाच्या लग्नात त्याने माझी पँट चार बोटं आखूड शिवली आणि वर म्हणाला, "काका, तुमचे पाय वाढले." लांब चिमटा कोणालाच देऊ नये. तो मोडीत घालावा.

कलम ४. हे कलम लिहायला तीन दिवस लागले.

धाकटी प्रयोगशाळेत होती. समुद्रातल्या शेवाळाचा डिंक आणि खेकड्याच्या कवचाची पूड यांपासून ती जखमेवर लावायचं जेल बनवायची. पारदर्शक, थंडगार, हातात धरलं तर थरथरणारं. मी तिची भरपूर टिंगल केली. "आम्ही जखमा सुकवतो, तू भिजत घालतेस," म्हणायचो. ती म्हणायची, "दादा, नवी कातडी ओल्यात सरकते. खपली म्हणजे तिच्या वाटेतली भिंत." तीस वर्षं पट्ट्या बांधलेल्या माणसाला काल आलेली पोर शिकवते, हे मला झोंबलं.

आईच्या पायाला साखरेची जखम झाली. डॉक्टरांना विचारून धाकटीने जेल लावलं आणि मला म्हणाली, "तीन दिवस उघडू नकोस." मी दुसऱ्याच दिवशी उघडलं. आत पिवळट, घट्ट, फुगलेलं काहीतरी होतं, वासही होता. मी म्हणालो, पू. लांब चिमट्याने सगळं खरवडून काढलं आणि कोरडी गॉझ ठेवली. मग रोज सकाळी ती चिकटलेली गॉझ ओढून काढायचो. रक्त यायचं. आई उशी दातांत धरायची. मी सांगायचो, "रक्त आलं म्हणजे चांगलं." सव्वा महिन्याने पाय कापावा लागला. पुढच्या दोन महिन्यांत आई गेली.

तेराव्या दिवशी भरल्या घरात मी म्हणालो, धाकटीच्या खेकड्याच्या चिकटाने आईचा पाय सडवला. चोराच्या उलट्या बोंबा. तिच्या साहेबांनाही तसं पत्र लिहिलं. तिचं काम काढून घेतलं गेलं. त्या तेराव्यालाच ती चप्पल घालून निघून गेली.

सहा वर्षांनी दवाखान्यात आमचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेल्या बाईंनी फोटो दाखवला आणि सांगितलं, "जखमेतलं पाणी शोषून जेल असं पिवळट होतं, वासही येतो. नवखे लोक त्याला पू समजतात." सगळे हसले. मी शेवटच्या रांगेत होतो. मीही हसलो.

तो पू नव्हता. ते जेल होतं, आणि ते आपलं काम करत होतं. आईचा पाय वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण वाचला असता का, हे कळायची सोयही मी ठेवली नाही. धाकटीचा काही दोष नव्हता. हे मला तेरा वर्षं माहीत आहे आणि तेरा वर्षं मी गप्प आहे. जुनी खपली कशाला काढा, असं स्वतःला समजावत राहिलो.

आता माझ्या टाचेवर तसलंच जेल आहे. परवा नर्सबाई पट्टी उघडून म्हणाल्या, "काका, पू झालाय वाटतं." मी म्हणालो, "पू नाही तो. पाण्याने धुऊन बघा." त्यांनी धुतलं. खाली लालचुटूक, नवं मांस होतं. मी रडलो. त्यांना वाटलं, दुखलं.

कलम ५. तेराव्याला जे जे हजर होते त्यांतले हयात असतील तेवढे बोलावून कलम ४ मोठ्याने वाचावं. मुलाने वाचावं, मध्ये थांबू नये. एक प्रत धाकटीच्या जुन्या साहेबांना द्यावी.

कलम ६. साक्षीदार म्हणून औषधाच्या दुकानाचे मालक आणि शेजारच्या मास्तरीणबाई सही करतील. वकिलांनी बजावलं आहे की ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार व्हायचं नाही, नाहीतर वाटा जातो. म्हणून मुलाने आणि धाकटीने इथे सही करू नये. मुलगा म्हणतो, आत्याला फोन केला, ती संध्याकाळी येते म्हणाली. काय विचारलं तिने, तर, "पट्टीखाली पिवळं दिसतं का?" येईल असं मला वाटत नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला असून तो मला मान्य आहे.

सही: निवृत्त ड्रेसर
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सायंकाळ

साक्षीदार १: औषध दुकानदार (सही)

साक्षीदार २: मास्तरीणबाईंच्या जागी मी, धाकटी बहीण. दादाने माझ्यासमोर सही केली. कलम ६ वाचून, समजून सही करत आहे. मजला मुलाला द्यावा. मला कलम ४ पुरे. पट्टी आज मी बदलली आहे, जखम चांगली आहे. तीन दिवस कोणी उघडू नये. चौथ्या दिवशी मी येते. (सही)