आईच्या पडवळाचा वास

तासगाव, मंगळवार, दिवेलागण

आई गेल्यावर तिच्या ठेवणीतलं पडवळाचं होतं नव्हतं ते बी दादानं लावलं. आता वेलाला पडवळ धरलं नाही, तर तिचं बी संपलं. फुलं मात्र रोज संध्याकाळी उमलतात, पांढरी, झालरीची. आणि वास! दादा म्हणाला, "फुलं बक्कळ, पर पडवळ एक न्हाई. वेलच वांझ निघाला."

मी सांगितलं, या वासावर लांब सोंडेचा पतंग येतो, तोच पराग नेतो. द्राक्षाच्या पानावरची शेपटीला काटा असलेली अळी तू फवारून मारतोस ना, तिचाच तो पतंग होतो.

"मग बाग अळीला चारू व्हय रं, शाण्या?"

बरोबरच आहे. मी तरी द्राक्षं खायची कुठे सोडलीत?

आजही वास सुटला होता. कुणाला बोलवत होता कोण जाणे. शेवटी मीच नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच घासलं. लेखणीनं लोकांना टोचून पोट भरणाऱ्या हातांचं हे पहिलंच नाजूक काम. दादा दुपारची फवारणी आटोपून, अंगाला औषधाचा दर्प घेऊन शेजारी उभा राहिला. हळूच म्हणाला, "धरंल का रं?"