जिरं कुठल्या डब्यात?

अहो,

पत्रबित्र लिहिण्यातली मी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण काल आपली माला बिबवेवाडीहून आली आणि म्हणाली, "आई, तुला स्वतःच्या घरात जिरं सापडत नाही. आता बास. माझ्याकडे राहायला चल." मला हे घर सोडायचं नाहीये. म्हणून तुमच्याकडेच तक्रार करतेय, तीही तुमच्या त्या लाडक्या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये, एका बोटाने!

जिरं सापडत नाही, यात माझा काय दोष? तुम्ही जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलंत, मान्य. पण निवृत्त झाल्यावर माझ्या स्वयंपाकघराचं स्टोअर कशाला करायचं? आयटीतल्या लेकीने फोनवर अ‍ॅप घालून दिलं काय, आणि तुम्ही एकसारखे डबे आणून त्यांवर नंबर चिकटवलेत काय! कुठल्या नंबरात काय आहे, ते फक्त अ‍ॅपला माहीत. "अहो, सरळ नावच लिहिलं तर?" म्हटलं, तर म्हणालात, "नाव वाचून कोणीही शोधेल. याला सिस्टिम म्हणतात."

कालपर्यंत मी ते अ‍ॅप कधी उघडलंच नव्हतं. कशाला उघडू? तुम्ही होतात ना! "अहो, हिंग?" म्हटलं की बाहेरच्या खोलीतून आरोळी यायची, "क-पाच!" तोवर फोडणी करपायची, पण उत्तर यायचं. अजूनही तोंडातून हाक जाते हो. मग उत्तर येत नाही आणि मी गॅस बंद करून बसून राहते.

तर काल मालाने माझी परीक्षाच घेतली. "तुझा चष्मा शोधून दाखव, मग राहा इथे एकटी." मी फ्रिजवर पाहिलं, उशीखाली पाहिलं, देवघरातही पाहिलं. शेवटी तिनेच तुमचा फोन घेऊन 'चष्मा' शोधलं आणि मोठ्याने वाचलं: "सुधाचा चष्मा. ठरावीक जागा नाही. आधी तिच्या डोक्यावर बघणे. हसू नये."

डोक्यावरच होता!

हसू नये म्हणे! स्वतः जन्मभर फिदीफिदी हसलात ते? माला तर हसता हसता खाली बसली. मग दोघीही रडलो. डोळे पुसत ती म्हणाली, "राहा बाई इथेच. बाबांनी सगळं लिहून ठेवलंय. फक्त रोज अ‍ॅप उघडत जा."

तेव्हा शब्द देते, प्रत्येक डबा जागच्या जागी ठेवीन. नवीन वस्तू आली की तिला नंबर देईन. पहिली नोंद आजच केली आहे: तुमचा फोटो, बाहेरची खोली, तुमच्या खुर्चीच्या वर, अ-एक. ही जागा बदलणार नाही.

हिंग कुठे आहे, ते मात्र रोज तुम्हालाच ओरडून विचारीन. उत्तर मला पाठ आहे, तरीही.

तुमची,
सुधा
(चष्मा डोळ्यांवर आहे.)