चौऱ्याऐंशी अर्जांवर पार्बताबाईंचा फोटो

प्रति,
मा. बियाणे वाटप अधिकारी,
तालुका बियाणे वाटप केंद्र,
मूर्तिजापूर, जि. अकोला

विषय : मौजे सोनखडी येथील त्र्याऐंशी शेतकऱ्यांना त्यांचे स्वतःचे चेहरे परत मिळणेबाबत.
संदर्भ : आमचे दि. ३१ मे रोजीचे ऑनलाइन अर्ज.

महोदय,

मी, रुबीना, सोनखडीत कॉम्प्युटर सेंटर चालवते. मागील हंगामात कापूस बोंडअळीने खाल्ल्यामुळे यंदा गावाने ज्वारी-तुरीच्या बियाण्यासाठी चौऱ्याऐंशी अर्ज केले. शेवटच्या दिवशी साइट इतकी हळू होती की हाताने एक अर्ज भरायला वीस मिनिटे लागत. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो यादीतील नाव व गट क्रमांक घेऊन फॉर्म आपोआप भरायचा, फोटो जोडायचा आणि साइटवर पाठवायचा. सर्व फॉर्म एकाच वेळी सुटले आणि अर्ध्या तासात सर्व अर्ज गेले. गावाने मला पेढे भरवले.

चूक माझीच आहे. प्रत्येक अर्जाला नाव बदलायला सांगितले, फोटोची फाइल बदलायला सांगायचे राहिले. यादीत पहिले नाव पार्बताबाई गावंडे यांचे असल्याने सर्व अर्जांवर त्यांचाच फोटो चढला.

आपल्या केंद्रावर फोटोतील व्यक्ती समक्ष लागते. त्यामुळे दि. ७ व ८ रोजी सर्वांच्या वतीने पार्बताबाईच रांगेत उभ्या राहिल्या. खुशालरावांचे नाव पुकारल्यावर लिपिक त्यांच्याकडे बघतच राहिले. बाई म्हणाल्या, "फोटो पाहा ना साहेब. मी नाही तं कोन?" लिपिकांनी फोटो ताडून पाहिला आणि पिशवी दिली. दोन दिवसांत त्या एकतीस शेतकरी झाल्या. नत्थुजींच्या वेळी तर त्या नत्थुजींसारख्या खोकल्याही.

परंतु काल बडनेऱ्याहून त्यांची मुलगी सीमा हिला दवाखान्यात नेल्याचा फोन आला. उरलेले त्रेपन्न शेतकरी बाईंच्या दारात जमले व वाटप होईपर्यंत थांबा म्हणाले. बाईंनी कपड्यांची पिशवी उचलली. "तुमच्या पेरणीसाठी पोरीले एकटी सोडू काय? रुबीनानं केलं, रुबीनाच निस्तरन." आणि त्या गाडीत बसल्या.

फोटो बदलण्याची सोय फक्त आपल्या लॉगिनमध्ये आहे. ती कृपया एक दिवस उघडावी. प्रोग्रॅम दुरुस्त केला असून आधी दोन अर्ज तपासून मगच बाकीचे पाठवीन. हे शक्य नसल्यास उरलेले वाटप बडनेऱ्यातील त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात करावे. रांग शांत ठेवण्याची हमी गाव देते.

आपल्या लॉगिनकडे डोळे लावून बसलेली,
रुबीना अब्दुल गफ्फार
सोनखडी, दि. ११ जून २०१८

सोबत : त्र्याऐंशी खऱ्या फोटोंचा पेनड्राइव्ह.

ता. क. : या पत्राचे पाकीट बंद करतानाच फोन आला. सीमाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. जन्मनोंदणीचा फॉर्मही ऑनलाइनच आहे. बाईंनी बजावले आहे, "हा फारम तू हातानंच भरजो."